मुद्दे आणि मधल्या रेघा

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डग्लस एंगेलबार्ट यांनी संगणकवाल्यांनी भरलेल्या सभागृहात दीड तासाचं एक प्रात्यक्षिक केलं. त्यात माउस होता, म्हणून त्या दिवसाची थोरवी अजून गातात. मला मात्र त्यातली वाणसामानाची यादी जास्त आवडते. घरून आणायला सांगितलेल्या जिनसा त्यांनी पडद्यावर टाइप केल्या, भाजी-फळं एकीकडे आणि डबाबंद माल दुसरीकडे अशी त्यांची विभागणी केली, पोटातल्या ओळी मिटल्या, पुन्हा उघडल्या. लेखनाची रूपरेषा मांडून देणाऱ्या सॉफ्टवेअरांचं, म्हणजे आउटलायनरांचं, सगळं घराणं इथून पुढे वाढलं. मूळपुरुष किराणा.

किराण्याला ही मांडणी चपखल बसते, कारण साबण आणि साबुदाणा यांच्यामध्ये ‘तरीही’ नसतं. साबुदाणा उचलून वर नेला तर साबणाचं काही बिघडत नाही. निबंधातला परिच्छेद वर नेला की खालच्याचा पाय मोडतो.

तरी हे साधन सोडवत नाही, हेही खरं. टॅबची कळ दाबली की ओळ एक पायरी आत सरकते आणि वरच्या ओळीची ताबेदार होते. शेजारचा छोटा त्रिकोण दाबला की आठ ओळींचा गोंधळ एका शीर्षकात गडप! घरात पाहुणे यायच्या आधी पसारा कपाटात कोंबून दार लावणाऱ्याला जे सुख मिळतं, तेच हे. वर्डमध्येसुद्धा ऑल्ट आणि शिफ्ट धरून बाणाची कळ दाबा, अख्खा परिच्छेद मजला चढतो. लिहिलं काहीच नसतं, पण कामाचा घाम येतो.

या घराण्यात एकेक वल्ली होऊन गेल्या. डेव्ह वायनर यांनी १९८३ मध्ये अ‍ॅपल टूसाठी ‘थिंकटँक’ काढलं, मग मॅकिंटॉशसाठी ‘मोअर’, ज्यात रूपरेषेच्या थेट स्लाइड बनत. (भिंतीवरची टिंबं मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या साहेबांचं थोडं पाप इकडेही जातं.) ‘ऑर्ग-मोड’ २००३ मध्ये लिहिलं कार्स्टेन डोमिनिक यांनी, ते मुळात खगोलशास्त्रज्ञ. पण माझं मन बसलंय कीथ ब्लाउंट यांच्यावर. कादंबरी लिहायची होती, मनासारखं साधन मिळेना, म्हणून हा गृहस्थ प्रोग्रॅमिंग शिकला आणि २००७ मध्ये त्यानं ‘स्क्रिव्हनर’ बाजारात आणलं. लिखाण टाळण्याचे प्रकार आम्हीही पुष्कळ जाणतो, पण इतका उपयोगी प्रकार आजवर कुणाला सुचला नव्हता.

आता छत्रीचं सांगतो. एका मासिकाच्या पावसाळी अंकासाठी छत्रीवर लिहायचं होतं. रूपरेषा अशी: छत्र्यांचे प्रकार, छत्री हरवणे, त्याखाली लोकलमध्ये, लग्नात, देवळाबाहेर, दुरुस्तीवाला, मामाची छत्री, मामी. मजकूर भरून झाल्यावर वाटलं, मामी आधी यावी. माणसं आधी, वस्तू मागून. धरली ओळ आणि ओढली वर. मामीचा परिच्छेद संपत होता तो, पावसात मामाची वाट पाहत ती दारात उभी राहायची, या वाक्यानं. त्याला लागून पुढचा परिच्छेद सुरू झाला: ‘ती मात्र एवढ्या पावसाळ्यांत एकदाही उलटली नाही. रंग विटला, दोन काड्या वाकल्या, मूठ सैल झाली, पण मामा तिच्याशिवाय बाहेर पडत नसे.’

सॉफ्टवेअरच्या लेखी सगळं जागच्या जागी होतं. इंग्रजीत एक वेळ चालून गेलं असतं, तिथं छत्री निर्जीव ती निर्जीवच. आपल्याकडे छत्री, मामी, वीज, नगरपालिका, सगळ्या ‘ती’.

म्हणजे अडचण मुद्द्यांत नव्हती, मुद्द्यांच्या मधल्या जागेत होती. ही जागा आपल्याला शाळेतच दाखवलेली असते. ‘मुद्द्यांवरून गोष्ट लिहा’ हा प्रश्न आठवून पाहा. गरीब लाकूडतोड्या, मग आडवी रेघ, कुऱ्हाड नदीत, रेघ, देवता प्रकट, रेघ, बोध. मुद्दे साऱ्या वर्गाला सारखेच. पण एखादा पोरगा पहिल्या रेघेत लाकूडतोड्याला ताप आणायचा, म्हणून हात थरथरला. एखाद्या पोरीचा लाकूडतोड्या बायकोशी भांडून आलेला, म्हणून लक्ष नव्हतं. बाकीच्यांची कुऱ्हाड ‘अचानक’ पडायची. गुण सगळ्यांना जवळपास सारखे मिळत, कारण बाई मुद्दे मोजत. रेघा कुणी तपासत नसे.

रूपरेषेचं वावडं आपल्या परंपरेला अजिबात नाही, उलट कडकपणा पाहावा तो दासबोधाचा. वीस दशक, प्रत्येकात दहा समास, एकूण २००, आणि पहिल्याच समासात या ग्रंथात काय काय आहे याचा खुलासा. चौथ्या दशकात तर गंमत आहे. विषय नवविधा भक्ती, जागा दहा. श्रवणापासून आत्मनिवेदनापर्यंत नऊ समास झाले, दहावा उरला. माझ्या वाट्याला ती रिकामी ओळ आली असती तर ‘समारोप’ लिहून मी मोकळा झालो असतो. समर्थांनी तिथं मुक्तिचतुष्टय घातलं. आत्मनिवेदनानंतर मुक्ती येणारच, तेव्हा दहावा समास भरतीचा वाटत नाही, नवव्यातून निघालेला वाटतो. साचा आधी होता की ओघ आधी, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

कीर्तनकाराचंही तसंच. पूर्वरंगात अभंग आणि निरूपण, उत्तररंगात आख्यान, शेवटी पुन्हा त्या अभंगावर. ऐकणाऱ्या आज्जींना हा सगळा आराखडा पाठ असतो. त्या ताटकळतात ते बुवा द्रौपदीच्या वस्त्रावरून परत अभंगावर कसे येतात हे पाहायला. नीट आले की मान डोलते. उडी मारून आले तर आज्जी चपला शोधू लागतात.

म्हणून हल्ली मी मजकूर आउटलायनरमध्ये भरत नाही, फक्त मुद्दे ठेवतो. जोडकाम साध्या कोऱ्या पानावर, वरून खाली, एका दमात. मुद्दा हलवायचा तर दोन्ही बाजूंची वाक्यं नव्यानं लिहायची. वेळ जातो, पण मामी सुखरूप राहते.

या साधनाचं खरं चीज केलं ते आमच्या वहिनीनं. लेकीचं लग्न तिनं अख्खं आउटलायनरमध्ये मांडलं आणि यादी घरातल्या सगळ्यांना फोनवर दिसेल अशी ठेवली. ‘गुरुजी’खाली सुपाऱ्या, हळकुंडं, अंतरपाट. ‘आहेर’खाली माहेर, सासर, ऑफिस. ‘रुसणारे’ असंही एक शीर्षक होतं, ते ती कायम मिटलेलं ठेवायची आणि आम्ही सगळे उघडून पाहायचो. माझं नाव ‘मदतीला’ या शीर्षकाखाली होतं आणि माझ्याखाली सतरंज्या आणि पाण्याचे जार. परवा पाहतो तर मी ‘पाहुणे’मध्ये. विचारलं तर म्हणाली, “भावजी, तुम्ही नुसते या हो.” सतरंज्या आणि जार तिनं आदल्या रात्रीच धाकट्या दिराच्या नावाखाली सरकवले होते.