अख्खी कोंबडी, मुक्काम शहाड

कल्याण सोडलं की कसाऱ्याच्या बाजूला पहिलं स्टेशन शहाड. पण ते नीट पाहिलेली माणसं थोडी. टिटवाळ्याला निघालेले भाविक तोवर हारांच्या पिशव्या सावरत असतात आणि कसाऱ्याचे प्रवासी कल्याणला मिळालेली सीट उबवत असतात. मुद्दाम शहाडला उतरणारा एकतर तिथलाच असतो, नाहीतर बिर्ला मंदिरातल्या विठोबाला भेटायला आलेला असतो. मी कोंबडी घेऊन उतरलो.

शहाडला माझा चुलतभाऊ राहतो. मे महिन्यात त्याचा मेव्हणा न्यू जर्सीहून आला. या गृहस्थांना आम्ही सगळे ‘न्यू जर्सी’च म्हणतो आणि त्यांनाही ते आवडतं. अमेरिकेत मेच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे असतो. त्या सुमाराला उन्हाळा आला असं धरून चालतात आणि मागच्या अंगणात शेगड्या पेटतात. अख्खी कोंबडी निखाऱ्यावर चढते, बाकीचे गार बिअर हातात घेऊन भोवती उभे राहतात. हे सगळं शहाडला, गच्चीवर करायचं असं न्यू जर्सीने जाहीर केलं.

हिवाळाभर बर्फ उपसलेली माणसं हौसेने विस्तवाजवळ जातात, हे मी समजू शकतो. आपल्याकडे विस्तवाजवळ बसायचे दिवस पौष-माघाचे. तिकडे रायगडात वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, मध्ये मसाला चोळलेली कोंबडी. मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. खायचं ते थंडीत कुडकुडत. मेमध्ये शहाडच्या माणसाला वेगळा विस्तव करायची गरज पडत नाही, सकाळी नळाचं पाणीच गरम येतं. पण पाहुणा, त्यातून बायकोचा भाऊ. दादाने मान डोलावली आणि येता रविवार पक्का करून टाकला. भिंतीवर कालनिर्णय होतं. त्या रविवारच्या चौकोनात वहिनींनी दुधाचा हिशोब लिहिलेला असल्यामुळे खालचं बारीक अक्षर कुणाला दिसलं नाही.

कोंबडी डोंबिवलीहून नेण्याचं काम माझ्याकडे आलं. न्यू जर्सीची अट होती की ती कातडीसकट हवी. आपल्याकडे दुकानदार हे विचारतसुद्धा नाही. ऑर्डर देऊन सुटे पैसे काढेपर्यंत त्याने कातडी ओढून बादलीत टाकलेली असते.

“सोलू नका,” मी आधीच ओरडलो.

“बरं. पीस बारीक की मोठे?”

“पीस नकोत. अख्खी.”

सुरा तसाच थांबला. मागे उभे असलेले गृहस्थ मान लांब करून माझ्याकडे पाहू लागले.

“फक्त पाठीचा कणा कापून काढा आणि उघडून चपटी करा.”

“मग दोन भाग होऊ द्या की सरळ!”

“नको. एकत्रच राहिली पाहिजे.”

त्याने आवाज खाली आणला. “उताऱ्याला पाहिजे का?”

मागचे गृहस्थ रांग सोडून दोन पावलं बाजूला झाले.

कणा काढण्यात शास्त्र आहे, हे मला फोनवर शिकवून झालं होतं. कोंबडी गोल ठेवली तर मांडी शिजेपर्यंत छातीचा भुगा होतो. उलगडून सपाट केली की दोन्हीकडे आच सारखी लागते. ते काहीही असो, रात्री आमच्या हिने तिला आलं, लसूण, दही, काश्मिरी मिरची आणि माहेरचा मसाला चोळला. दुपारी कोंबडी स्टीलच्या मोठ्या डब्यात, डबा बर्फाच्या पिशवीत आणि पिशवी माझ्या मांडीवर, अशी आम्ही टिटवाळा लोकल पकडली.

फलाटावरच शंका आली होती. रविवारी दुपारी इतकी जास्वंद? गाडीत शिरल्यावर खात्री पटली. संकष्टी होती. अख्खा डबा दूर्वा, नारळ आणि उपाशी माणसं यांनी भरलेला, आणि त्यात मधोमध मी, मांडीवर लसणीचा दरवळ घेऊन.

समोरच्या काकूंनी डब्याकडे बराच वेळ पाहिलं.

“नैवेद्याचं का?”

“हो… म्हणजे, तसंच.”

“मोदक?”

अशा वेळी माणसाने झोपल्याचं सोंग घ्यावं. पण ठाकुर्लीला कुणाला झोप लागते? मी मान हलवली. होकार की नकार ते त्यांच्यावर सोडलं.

“एकवीस ना?”

“एकच आहे. पण मोठा.”

काकू विचारात पडल्या. पत्रीपूल गेला. मग त्यांनी नाक जरा पुढे केलं.

“तुमच्यात सारणात लसूण घालतात?”

कल्याणला गर्दीचा असा लोंढा आत आला की काकू आणि मी दोन वेगळ्या जगांत ढकलले गेलो. शहाडला उतरताना गर्दीतून त्यांचा आवाज ऐकू आला: “अहो, टिटवाळा अजून पुढे आहे!” मी वळून पाहिलं नाही.

इकडे दादा आणि न्यू जर्सी सकाळीच शेगडीच्या मोहिमेवर जाऊन आले होते. शहाडला लागूनच उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीत आणलं गेलं आणि 1949 साली राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. कँप नंबर एक, कँप नंबर पाच हे पत्ते मात्र अजून चालू आहेत. तिथे मिळत नाही अशी वस्तू नाही, आणि मिळत नसेल तर संध्याकाळपर्यंत तयार करून मिळते. न्यू जर्सीने वेल्डरला इतिहास सांगितला: 1952 साली शिकागोजवळ वेबर ब्रदर्सच्या धातूच्या कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफनने पाण्यावर तरंगणारा लोखंडी बोया मधून कापला आणि झाकणाची गोल शेगडी बनवली. वेल्डरने हे शांतपणे ऐकलं, तेलाचं एक पिंप आडवं केलं, मधोमध कापलं, खाली अँगलचे चार पाय लावले आणि म्हणाला, “ढक्कन का पैसा अलग.”

अमेरिकेतून आलेला माणूस उल्हासनगरात घासाघीस करून हरला, ही त्या दिवसातली पहिली ऐतिहासिक घटना. झाकण राहिलं. त्याऐवजी दादाने शेजारच्या बांधकामाच्या दुकानातून कोरं घमेलं आणलं. शहाडला घमेलं कुठेही मिळतं. दर दोन इमारतींमागे तिसरी उभी राहतेय.

गच्चीवर पोचलो तर तिथे कुरडया. मे महिन्यात सोसायटीची गच्ची ही पुरुषांची नसते, हे दादा इतकी वर्षं राहून विसरला होता. पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत चादरी, चादरींवर कुरडया, कडेने साबुदाण्याच्या पापड्या आणि राखणीला दुसऱ्या मजल्यावरच्या आजी, हातात काठी. एका बाजूला बिर्ला मंदिराचं शिखर, दुसरीकडे सेंच्युरी रेयॉनची धुराडी, झाडांपलीकडे उल्हास नदी. न्यू जर्सीने सगळ्याचे फोटो काढले. आजींचाही काढायला गेला, तेव्हा काठी उचलली गेली.

“धूर इकडे आला तर याद राख,” आजी म्हणाल्या. “माझ्या कुरडया पुण्याला जायच्यात. लेकीची सासू माळकरी आहे.”

म्हणून ऊन उतरून कुरडया खाली जाईपर्यंत थांबलो. तेवढ्यात रिकामं पिंप एकदा जाळून घेतलं, कारण आतल्या रंगाचा आणि तेलाचा वास कोंबडीला लागतो. न्यू जर्सीच्या या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे. त्या काळ्या धुराने सेक्रेटरी काका मात्र जिन्यात चपला न घालता वर आले.

“परवानगी?”

“काका, फक्त एक कोंबडी आहे,” दादा म्हणाला.

“आज? संकष्टीला?” काकांनी कानाच्या पाळ्या धरल्या. “माझा उपास आहे. मला हे बघायचंसुद्धा नाही.” आणि बघता यावं म्हणून खुर्ची मागवली.

कोळसा इस्त्रीवाल्याकडून आणला होता, पण पेटेना. रॉकेल घालायला न्यू जर्सीची हरकत. त्याचा वास लागतो. शेवटी वहिनींनी देवघरातला कापूर पाठवला. कापराच्या आठ-दहा वड्यांनी निखारे असे फुलले की खालून कुणीतरी विचारलं, आरती सुरू झाली का. निखारे पिंपाच्या एका अंगाला, कोंबडी दुसऱ्या अंगाला, वर घमेलं. थेट आचेवर ठेवली की कातडीची चरबी गळते, भडका उडतो, बाहेरून कोळसा आणि आतून कच्ची. बाजूला ठेवली की हळूहळू भाजते. हळूहळू म्हणजे किती, हे आम्हाला त्या रात्री कळायचं होतं.

तासाभराने न्यू जर्सीने खिशातून सुईचा थर्मामीटर काढून मांडीत खुपसला. “एकशे वीस. एकशे पासष्टला झाली समजायची.”

“एकशे पासष्ट ताप?” आजी पुन्हा वर आल्या होत्या. “मग गेलीच की ती.”

“आजी, ती काल सकाळीच गेली.”

फॅरनहाइटचे एकशे पासष्ट म्हणजे सेल्सिअसचे 74. तेवढ्याला कोंबडीतले जंतू मरतात. पण शहाडची गच्ची आणि उल्हासवरून येणारा वारा यांना ते ठाऊक नव्हतं. एकशे तीस. एकशे अडतीस. कोळसा संपत आला, पुन्हा कापूर. काकांनी खुर्चीत बसून सुपाने वारा घालायला सुरुवात केली. न बघता घालत होते. न्यू जर्सी कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट बेकर यांची गोष्ट सांगू लागला. 1950 साली या प्राध्यापकांनी तेल, व्हिनेगर आणि अंडं यांच्या मिश्रणात भिजवून भाजलेली कोंबडी लोकप्रिय केली, आणि पुढे चिकन नगेटच्या मुळाशीही तेच. वॉचमनदादा मूळचे कांब्याकडचे. त्यांनी गोष्ट संपू दिली आणि म्हणाले, “आमच्यात पोपटी लावली असती तं कोंबरी खाऊन झोपलो पन असतो.”

एकशे पासष्ट झाले तेव्हा घमेलं उचललं. खरं सांगतो, रूप देखणं होतं. कातडी तांबूस, कडेने काळपट, फुगलेली. वास तर असा की चौथ्या मजल्यापर्यंतची दारं उघडली. जेवायला आम्ही सहा जण ठरलो होतो. मोजले तर गच्चीवर सतरा माणसं, त्यातली तीन मुलं सरळ ताटल्या घेऊनच आलेली.

आणि इथे मला या सगळ्या अमेरिकन पद्धतीतली मूळ अडचण दिसली. न्यू जर्सीने सुरी उचलली आणि विचारलं, “तंगडी कुणाला?”

कोंबडीला तंगड्या दोन. आपल्या घरात हा प्रश्न उघड विचारला जात नाही. तंगडी रश्शात बुडालेली असते, वाढणारीचा डाव कुठल्या बाजूने फिरतो ते तिलाच ठाऊक, आणि धाकट्या जावयाच्या ताटात ती कशी गेली याची चौकशी पुढच्या लग्नापर्यंत चालते, पण पुरावा नसतो. अख्खी कोंबडी म्हणजे सगळा मामला उघड्यावर. शिवाय ती निखाऱ्यावर आटते. सव्वा किलोची नेली, हातात आली तेव्हा जेमतेम दोघांची. आपल्याकडे कोंबडी वाढते. पाहुणा दारात दिसला की तांब्याभर पाणी, मूठभर मीठ-मसाला, आणि एक किलोत वऱ्हाड जेवतं. अख्खी भाजलेली कोंबडी ही ज्यांच्याकडे न सांगता पाहुणे येत नाहीत अशा लोकांची सोय आहे.

सतराही जण गप्प. सुरी हवेत. शेवटी वहिनी जिन्याच्या दारात आल्या. त्यांचाही उपास.

“मी हात लावणार नाही,” त्या म्हणाल्या, “पण सांगते तसं करा. आधी ती सुरी ठेव खाली.”

न्यू जर्सीने ठेवली. बहीण मोठी होती. मग वहिनी उंबऱ्याबाहेर आणि दादा ओट्याशी, असा स्वयंपाक झाला. कोंबडी हाताने सोडवली, हाडं वेगळी. सुकं खोबरं आणि कांदा उरलेल्या निखाऱ्यावर भाजला, वाटण झालं. “मसाला अजून. अजून. बास. आता पाणी.” मीठ चाखायला मनाई असल्यामुळे त्यांनी ते वाफेवरून ओळखलं आणि बरोबर ओळखलं. पाण्याची काळजी नव्हती. शहाड-टेमघर योजनेचं पाणी इथून थेट मीरा-भाईंदरपर्यंत जातं. सतरा माणसांचा रस्सा त्यामानाने किरकोळ. पाव खालच्या बेकरीतून आले.

धुराचा वास उतरलेला तसा रस्सा मी पुन्हा खाल्लेला नाही. न्यू जर्सीने तीनदा घेतला आणि अमेरिकेला परत गेल्यावर असाच करणार म्हणाला, नाव काय ठेवावं तेवढं विचारत होता.

दहाच्या सुमाराला मंदिराच्या बाजूने चंद्र वर आला. सेक्रेटरी काकांनी उभं राहून नमस्कार केला, घरून आलेला एक मोदक खाल्ला, पाणी प्यायले आणि ताटली पुढे केली. उपास एकदा सुटला की सुटला, असं त्यांचं मत पडलं. तंगडी नेमकी त्यांच्याच ताटलीत कशी गेली, हे दादाला अजून सांगता येत नाही.

सोमवारी सकाळी सोसायटीच्या फळ्यावर त्यांच्या अक्षरात सूचना लागली होती: “गच्चीवर अख्खी कोंबडी भाजण्यास सक्त मनाई आहे. रस्सा करावयाचा असल्यास सेक्रेटरींना दोन दिवस आधी कळवावे. संकष्टी असल्यास चंद्रोदयाची वेळ पाहून कळवावे.”