दाराचा पासवर्ड विसरलात?

सनीवेलमधल्या आमच्या एका स्नेह्यांच्या गराजच्या दाराला आता स्वतःचं ई-मेल आहे. तसं ते स्नेह्यांनीच काढून दिलं. नव्या ओपनरचं ॲप खात्याशिवाय उघडेना, आणि दाराची पत्रं आपल्या घरगुती ई-मेलवर यायला नकोत असं वहिनींचं म्हणणं पडलं. फॉर्ममध्ये जन्मतारीख विचारली होती. स्नेह्यांनी आपलीच टाकली. त्यामुळे दार आता कागदोपत्री सज्ञान असून येत्या श्रावणात त्रेपन्न पूर्ण करील.

जुन्या ओपनरला काय झालं होतं? दार जरासं खाली यायचं, थबकायचं, पुन्हा वर जायचं आणि वरचा दिवा लुकलुकायचा. दुसरा कोणी असता तर त्यानं खाली वाकून बघितलं असतं. दाराच्या दोन्ही अंगांना, जमिनीपासून सहा इंचांच्या आत, दोन छोटे सेन्सर एकमेकांकडे टक लावून बसलेले असतात. दाराखाली सापडून लहान मुलं दगावली, म्हणून 1993 पासून घरगुती ओपनरला इथे अमेरिकेत अशी तजवीज सक्तीची झाली. मधे काही आलं की दार माघार घेतं. स्नेह्यांच्या दारात मधे आला होता सोना मसुरीच्या पोत्याचा कोपरा. हे कळलं नवा ओपनर बसवायला आलेल्या माणसाला, शिडी उभी करायला त्यानं पोतं बाजूला सारलं तेव्हा. तोवर जुना ओपनर खाली उतरला होता, आणि नवा परत करायचा तर अर्ज दाराच्या खात्यातून करायचा होता.

त्याआधी नव्या ओपनरची रीतसर निवड झाली होती. आपल्या लोकांची निवड कशी होते हे वाचकांना सांगायला नको. एक एक्सेल शीट, व्हॉट्सॲपवर तज्ज्ञांची समिती, आणि ज्याचं स्वतःचं दार गेली दोन वर्षं उघडत नाही त्याचं मत सगळ्यात ठाम. चेन घ्यावी की बेल्ट? चेन खडखडते, बेल्ट गुपचूप चालतो. गराजच्या डोक्यावर झोपायची खोली असेल तर बेल्ट, नसेल तर चेन, विषय संपला. पण समितीनं तो डेसिबलपर्यंत नेला. मग निघाली अश्वशक्ती. अर्धा, पाऊण की सव्वा? समितीचा कौल सव्वाला, कारण घेतोच आहोत तर. आता दार मोटर उचलते असं ज्याला वाटतं त्यानं एकदा मान वर करून बघावं. दाराच्या वर आडव्या दांड्यावर पीळ देऊन बसवलेली स्प्रिंग असते, वजन ती तोलते. मोटर नुसती ओढते आणि ढकलते. स्प्रिंग धड असेल तर दोन गाड्यांचं दारही हातानं वर जातं आणि अर्ध्यावर सोडलं तर तिथेच राहतं. राहत नसेल तर दुखणं स्प्रिंगचं आहे, आणि तिथे सव्वा काय, पाच घोडे जुंपलेत तरी जळेल ती मोटर. साधी स्प्रिंग साधारण दहा हजार उघडझापींसाठी बनवलेली असते. तिला घरच्या पान्यानं हात लावू नये, सुटली तर हाड मोडते. शीटमध्ये स्प्रिंगचा रकाना नव्हता.

बाजी मारली ती ॲपनं. जगात कुठूनही दार उघडा! खोक्यावर हेच सगळ्यात मोठ्या टायपात छापलेलं. चिपळूणच्या एसटी स्टँडवर उभं राहून सनीवेलचं गराज उघडायची निकड नेमकी कोणाला भासते, हे मला आजवर कोणी समजावलेलं नाही. बरं, उघडून दिसणार काय? गाडी तर नाहीच. आपल्या घरांत गाडी ड्राइव्हवेवर उन्हात तापत असते आणि गराजमध्ये सुखरूप असतात तांदळाची पोती, टिश्यूपेपरचे डोंगर, न वापरलेली ट्रेडमिल, दोन सायकली, मुलांच्या तिसरीतल्या विज्ञान प्रदर्शनाचा ज्वालामुखी आणि मागच्या चार गणपतींची मखरं. तेवढ्यासाठी सव्वा अश्वशक्ती, कॅमेरा आणि पासवर्ड. त्या पासवर्डात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह हवंच. आमच्या गावच्या घराला कोयंडा होता, त्यात काटकी अडकवली की भागायचं.

आणि तो निरोप. ‘तुमचे दार उघडे आहे.’ स्नेह्यांच्या फोनवर हा निरोप दिवसातून अनेकदा येतो. लग्नात येतो, दंतवैद्याच्या खुर्चीत येतो, सत्यनारायणाच्या तिसऱ्या अध्यायाला येतो. मे महिन्यात त्यांच्या आई साताऱ्याहून आल्या. आईंनी गव्हाचा चीक काढला, शिजवला, आणि ऊन ड्राइव्हवेवर होतं म्हणून तिथेच जुन्या चादरीवर कुरडया घालायला घेतल्या. एचओएचं, म्हणजे इथल्या सोसायटीचं, पत्र येईल म्हणून सुनेनं सांगून पाहिलं आणि ती कामावर गेली. दार अर्थातच उघडं, कारण पातेलं आत आणि चादर बाहेर. पंधराव्या मिनिटाला ऑफिसात मुलाला निरोप, तुमचे दार उघडे आहे. मुलगा मीटिंगमध्ये. त्यानं टेबलाखालून बोट लावलं. समोर कोणी नसताना लांबून दार बंद करायचं तर आधी आवाज आणि दिवा दिला पाहिजे असा नियम आहे, त्याप्रमाणे दार किंचाळलं, दिवा लुकलुकला, आणि सोऱ्या हातात धरून आई ‘अगंबाई’ म्हणेपर्यंत खालीसुद्धा आलं. चीक आत, चष्मा आत, फोन आत, आई बाहेर. मीटिंग सुटली तेव्हा चीक घट्ट झाला होता आणि आईंनी शेजारच्या चिनी आजींशी, एकाही समान शब्दाविना, मैत्री केली होती.

पुन्हा असं व्हायला नको म्हणून संध्याकाळी मुलानं आईंना दाराचा ‘पाहुणा’ केलं. स्वतःच्या मुलाच्या घरी आईला पाहुणी करणारा हा यंत्रयुगातला पहिलाच विधी असावा. पाहुण्याला आमंत्रण जातं ई-मेलनं. आईंचं ई-मेल भाच्यानं कधीतरी काढून दिलेलं, पासवर्ड वहीत, वही साताऱ्यात देवघराखालच्या खणात. तिथे सकाळ झाल्यावर शेजारच्या काकूंना फोन केला. काकूंकडे किल्ली होती (अंगणातल्या कुंडीखालची, ई-मेलविना चालणारी). वही सापडली, पासवर्ड मिळाला, तो टाकताच ई-मेलला संशय आला की साताऱ्याच्या बाई कॅलिफोर्नियातून का शिरताहेत, म्हणून ओटीपी. ओटीपी आईंच्या भारतातल्या नंबरावर. ते सिम इथे चालत नाही म्हणून निघताना आईंनी जुन्या फोनसकट काकूंकडेच ठेवलेलं. काकू चष्मा लावून आकडे वाचेपर्यंत ओटीपी शिळा झाला. दुसरा मागवला. त्यात काकूंनी सहा म्हटलेलं इकडे दहा ऐकू आलं. जगात कुठूनही दार उघडा ही जाहिरात अशी अक्षरशः खरी ठरली. आई सनीवेलला, दार सनीवेलला, दोघांत अंतर एका पावलाचं, आणि उघडायचं सामर्थ्य कोणाकडे, तर साताऱ्याच्या काकूंकडे. चौकटीवर बाहेरून लावायचा आकड्यांचा छोटा कीपॅड त्याच खोक्यातून आला होता. चार आकडे दाबले की दार वर. तो अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे. त्याला ई-मेल लागत नाही, म्हणून तो मागासलेला.

हसून झालं असेल तर आता स्पष्ट बोलतो. ओपनर विकत घेऊन संपत नाही. आतल्या कॅमेऱ्यानं टिपलेलं साठवायचं तर दरमहा पैसे. गाडीच्या पडद्यावर दाराचं बटण हवं, तर वर्गणी. काल फुकट चालणारी सोय आज चालेलच याची हमी कोणी देत नाही. नियम व अटी अधूनमधून बदलतात, ‘मान्य’ म्हटल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, आणि मान्य करताना घरातलं दार किती वाजता उघडतं आणि किती वाजता मिटतं याचा रोजनामा कोणाच्या तरी दूरच्या सर्व्हरला आपण वाहून टाकतो. पूर्वी ही नोंद समोरच्या गॅलरीतले आजोबा ठेवत. फुकट ठेवत, आणि ती चाळीबाहेर जात नसे. छत माझं, वीज माझ्या मीटरवर, वायफाय माझं, आतला ज्वालामुखी माझा, मग भाडं कशाचं? गणपतीची वर्गणी मागायला निदान कोणीतरी दारात येतं. इथे दारच वर्गणी मागतं. आणि आपण, जे भाजीवाल्याकडे कोथिंबिरीच्या काडीवरून हुज्जत घालणारे, ती मुकाट भरतो आणि वर पाच तारे देतो.

या सगळ्या कवायतीत ज्या एका वस्तूकडे कोणी बघितलं नाही ती अगदी डोळ्यासमोर लोंबत असते. लाल दोरी. स्वस्तातल्या स्वस्त ओपनरलाही असते आणि महागातल्यालाही. ती ओढली की दार मोटरपासून सुटतं आणि हातानं उचलता येतं. 2017 च्या ऑक्टोबरात उत्तर कॅलिफोर्नियात रात्री वणवे पेटले, वीज गेली, आणि गाडी काढून पळायला निघालेली माणसं स्वतःच्याच गराजमध्ये अडकली. दार वर गेलं नाही. काही त्यातून बाहेर आली नाहीत. त्यानंतर राज्यानं कायदा केला, आणि 1 जुलै 2019 पासून इथे विकल्या आणि बसवल्या जाणाऱ्या प्रत्येक घरगुती ओपनरमध्ये बॅटरी सक्तीची झाली. कायदा का करावा लागला? कारण गिऱ्हाइकाला विचारलं तर गिऱ्हाईक दिव्याचा रंग निवडतं. ती बॅटरी काही वर्षांनी म्हातारी होते, तसं ओपनर टुकटुक करून सांगतो. तो आवाज कसा थांबवायचा यावर समितीत परवा दीर्घ चर्चा झाली. बॅटरी काढून ठेवली की थांबतो, असं एका तज्ज्ञानं कळवलं, आणि त्याला अंगठे मिळाले. स्नेह्यांची लाल दोरी तर मला दिसेचना. ती गुंडाळून, गाठ मारून, वर छताशी बांधलेली आहे. का? खाली असली की मखरात अडकते!

तेव्हा मंडळी, ओपनर घ्यायला निघण्याआधी सेन्सरच्या समोरून सामान हलवा आणि दार एकदा चालवून बघा. 1993 च्या आधीचा, सेन्सर नसलेला नग असेल तर मात्र हुज्जत न घालता बदला. कॅलिफोर्नियाबाहेर राहणाऱ्यांनी बॅटरीचा रकाना शीटमध्ये स्वतः घालावा, तिकडे बॅटरीविना ओपनरही सर्रास मिळतात. कीपॅड पिशवीतून काढून चौकटीला लावा. आणि आज रात्री, जेवणाआधी, दार पूर्ण बंद असताना लाल दोरी ओढा. उघडं असताना ओढू नका, स्प्रिंग मोडकी असेल तर दार अंगावर येईल. मग दार हातानं वर घ्या. जड लागलं तर ओपनरवाला नको, स्प्रिंगवाला बोलवा. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला, पाहुण्या आलेल्या आईवडिलांसकट, एकदा हे करायला लावा. हात पोचत नसेल तर दोरी लांब करून घ्या. हार्डवेअरच्या दुकानात ती फुटावर मिळते.