मृतसाठा

प्रत्येक गावात एक माणूस असा असतो, की त्याच्या दारावरून वस्तू न्यायची झाली तर झाकून न्यावी. माकणीत ते आमचे बापू. मी झाकूनच नेत होतो, पण पोतं आखूड पडलं आणि ग्रास कटरचा दांडा बाहेर राहिला.

पुण्याच्या मेहुण्यानं शहराबाहेर गुंठाभर जागा घेतली होती. तिथलं गवत काढायला आमचा जुना पेट्रोलचा कटर त्याला द्यायचा ठरला. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकायचा, सकाळी त्यानं उतरवून घ्यायचा. अर्ध्या तासाचं काम.

"टाकी?" बापूंनी ओट्यावरूनच विचारलं.

"रिकामी आहे."

इथं माझं चुकलं. बापूंचं साऱ्या जगाशी एकाच शब्दावरून भांडण आहे, आणि तो शब्द म्हणजे 'रिकामं'. इंजिनं आणि फवारणीचे पंप दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. आता लोक बॅटरीवरचे पंप वापरतात, म्हणून बापू मोकळे. पण त्यांना कोणी 'रिकामे' म्हणून दाखवावं! सकाळी उपाशीपोटी रक्त तपासायला बोलावलं, तर हे आदल्या दुपारपासून उपाशी. पोटाचं काय सांगावं, म्हणतात.

"मास्तर, दुष्काळात आपलं धरण मृतसाठ्यात गेलं. पेपरात आलं, उपयुक्त साठा शून्य. मग म्हशी डुंबत होत्या त्या कशात?"

निम्न तेरणा धरणाच्या गावात राहून या प्रश्नाला उत्तर नसतं.

"टाकी म्हंजे उपयुक्त साठा. नळीत, फिल्टरात, कार्बोरेटरात हाय त्यो मृतसाठा. त्यो कोण काढणार? तुमचा मेव्हणा?"

कटर ओट्यावर गेला. आधी इंजिनला हात लावून ते थंड असल्याची खात्री झाली. मग टाकी एका पत्र्याच्या डब्यात उपडी केली, आणि माझ्या 'रिकाम्या' टाकीतून चांगलं पेलाभर पेट्रोल निघालं. बापू काही बोलले नाहीत. नुसते डब्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिले. ते पेट्रोल गटारात ओतायचं नाही. लिटरला 40 मिली ऑईल घातलेलं, शेजारच्या टू-स्ट्रोक पंपाला चालतं. ते लगेच रवाना झालं.

मग कटर अंगणाच्या मध्यावर आणून चालू केला. खोलीत नाही, धूर माणूस मारतो. उरलंसुरलं पिऊन तो खोकला आणि बंद पडला. मला वाटलं, झालं. बापूंनी चोक लावून पुन्हा दोरी ओढली. पुन्हा दोन खोकले. तिसऱ्या खेपेला नुसती उचकी आली. मग मात्र बापूंनी टोपी काढली. काढली ती घाम पुसायला, पण पलीकडच्या काकूंनी कोण गेलं म्हणून विचारलं.

"आता न्यावा का?"

"वाफ?"

भरल्या टाकीपेक्षा नुकती रिकामी केलेली वाईट, हे त्या रात्री मला कळलं. द्रव पेट्रोल जळत नाही, जळते ती वाफ. आणि रिकाम्या टाकीत तिला लागेल तेवढी हवा आयती मिळते. ही वाफ हवेहून जड. वर उडून जात नाही, गावातल्या बातमीसारखी खालून पसरते. "उणे 40 अंशाच्या थंडीतबी पेटती ती," बापू म्हणाले, "अन् आपल्याकडं मे महिन्यात अधिक 40." टोपण उघडं टाकून कटर रात्रभर अंगणात राहिला. बापू लांबवर बाजेवर बसून पहाऱ्याला. बिडी ओढणारा कोणी वळला, की वेशीपासून हाका सुरू.

मी कंटाळून म्हणालो, आत थोडं राहिलं तर काय बिघडतं?

"1989 चा रेल्वे कायदा, कलम 164. तीन वर्षांपर्यंत कैद."

"पण बापू, आपण ट्रॅव्हल्सनं पाठवतोय."

"पेट्रोलला काय कळतंय, खाली रूळ हाय का डांबर? डिकीच्या वर लेकरंबाळं झोपलेली असत्यात."

यावर मी गप्प झालो. म्हातारा हट्टी खरा, पण हे वाक्य मला अजून खोडता आलेलं नाही.

शिवाय मेहुणा काही लगेच गवत कापणार नव्हता, हेही त्यांनी ताडलं. पेट्रोल तसंच राहिलं तर कार्बोरेटरात चिकटा धरतो. त्यात आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल. "म्हंजे आपलाच ऊस! ऊस पाण्याबिगर ऱ्हातो का? त्येचं इथेनॉलबी पाणीच वढणार."

दुसऱ्या दिवशी प्लगची टोपी निघाली, प्लग काढून आत ऑईलचे चार थेंब पडले, प्लग परत बसला. टोपी मात्र सुटीच. पातं सोडवून, जुन्या टायरट्यूबात गुंडाळून वेगळं बांधलं. मग वासाची परीक्षा. बापूंनी नाक लावलं, नातवाला लावायला लावलं. माझं नाक त्यांनी बाद केलं. "तुम्हाला सर्दी हाय, तुमचं मत धरत न्हाई."

दांडा वेगळा बांधून बाकीचं खोक्यात घातलं आणि खोक्याच्या सहाही बाजूंना जाड मार्करनं एकच शब्द लिहिला. तळालासुद्धा; कारण हमाल खोकं उलटं ठेवणार, हे बापूंना ठाऊक.

तिसऱ्या रात्री आम्ही दोघं ट्रॅव्हल्सवर गेलो. बुकिंगच्या पोरानं खोकं फिरवून फिरवून वाचलं, आत काय म्हणून विचारलंही नाही, पावती फाडून दिली. वस्तूच्या रकान्यात लिहिलं होतं: 'रिकामं खोकं, 1. दांडा, 1.'

मी दुरुस्त करायला सांगणार, तोवर बापूंनी पावती माझ्या हातातून घेतली, दिव्याखाली दोनदा वाचली आणि घडी घालून माझ्या खिशात ठेवली.

"बरुबर लिवलंय," ते म्हणाले.