साडेसहा अंकांची साडेसाती

पेन्सिल सेलचा व्होल्टेज किती, असं विचारलं तर शहाणा माणूस 'दीड' म्हणतो आणि कामाला लागतो. मला दीडवर थांबता येत नाही. १.५० की १.४९, आणि १.४९ असेल तर त्याच्या पुढे काय, हे कळेपर्यंत जेवण गोड लागत नाही. हा रोग माझ्या एकट्याचा नव्हे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे सीआरओ (विजेची लहर पडद्यावर दाखवणारी यंत्रं), सिग्नल जनरेटर, डिजिटल व्होल्टमीटर भंगारातून उचलायचे, महिनोन्‌महिने खपून चालू करायचे आणि मग त्यांच्याकडून उपयोगाचं काहीही न मोजता नुसतं त्यांच्याकडे पाहत बसायचं, असा उद्योग करणारे लोक जगभर आहेत. त्यांच्या घरची माणसंही जगभर आहेत. त्यांची संघटना कशी झाली नाही याचंच नवल वाटतं.

पुण्यात या रोगाची लागण मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात होते. रविवारी आणि बुधवारी तिथे जमिनीवर ताडपत्री पसरून जगातलं काहीही विकायला ठेवलेलं असतं. त्यात कुठल्यातरी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून लिलावात निघालेलं एखादं यंत्र जुन्या कुकरच्या आणि नळाच्या तोट्यांच्या मध्ये बसलेलं दिसतं. मालकाला ते काय आहे याचा पत्ता नसतो, पण ते चालू आहे याची मात्र बालंबाल खात्री असते.

"काय आहे हे?"

"स्टॅबिलायझर आहे साहेब. एकदम भारी. चालू आहे."

"पण याची वायर कापलेली आहे."

"तांब्याचा भाव वेगळा असतो ना."

"मग चालू आहे हे कशावरून?"

"बंद असता तर कॉलेजनं एवढी वर्षं ठेवला असता का?"

कॉलेजांबद्दल एवढा विश्वास मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. मग सौदा होतो, आणि तो होतो वजनावर. दहा लाखांत चार-पाच भागांची चूक पकडणारा मीटर ज्या काट्यावर तोलला जातो, तो काटा किलोमागे शंभर ग्रॅम बिनदिक्कत मारतो. मोजमापशास्त्राची याहून मोठी विटंबना नसेल. पण त्या काट्यामुळेच असली यंत्रं आमच्या खिशाला परवडतात, म्हणून कुणी तक्रार करत नाही.

खरा प्रश्न दाराशी येतो.

"हे काय आणलंत?"

"व्होल्टमीटर."

"आहे ना आपल्याकडे एक?"

"तो बिघडलाय. तो दुरुस्त करायला दुसरा लागतो."

"म्हणजे हा चांगला आहे."

"नाही. हाही बिघडलाय."

या संभाषणात काही चुकीचं आहे असं मला अजूनही वाटत नाही. बिघडलेलं मोजयंत्र दुरुस्त करायला मोजयंत्रच लागतं, आणि ते पहिल्याहून अधिक अचूक लागतं. त्या अधिक अचूक यंत्राची खात्री करायला आणखी अचूक लागतं. ही शिडी चढत माणूस कधी माळा भरतो, कधी बाल्कनी, आणि शेवटी पाहुण्यांची खोली. माझे सासरे बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी एकदा त्या खोलीत झोपताना विचारलं, "जावईबापू, तुम्ही याला साडेसहा अंकी म्हणता. हा अर्धा अंक कसला?" मी सांगितलं की मागचे सहा अंक शून्यापासून नऊपर्यंत सगळं दाखवतात, पुढचा एक मात्र फक्त शून्य किंवा एक एवढंच दाखवू शकतो, म्हणून तो अर्धा. त्यांनी थोडा विचार केला. "आमच्या शाखेत असा एक शिपाई होता. पण त्याला पूर्ण पगार होता." पुढे मी साडेसात अंकी मीटर शोधतोय हे कळल्यावर त्यांनी मुलीची पत्रिका पुन्हा काढून पाहिली.

आता जुन्याच यंत्रांचा एवढा सोस का, याचं उत्तर ती उघडल्याशिवाय कळत नाही. टेक्ट्रॉनिक्स ही कंपनी १९४६ साली अमेरिकेत ओरेगनमधल्या पोर्टलंडला सुरू झाली. तिचे व्हॅक्यूम ट्यूबवाले सीआरओ अजून हौशी लोकांकडे आहेत. त्यातला ५४५ए हा टेबलावर ठेवायचा म्हणतात, पण वजन जवळपास तीस किलो, त्यामुळे आधी टेबल पाहावं लागतं. आत सुटे भाग जोडायला चिनी मातीच्या पट्ट्या आहेत, त्यांच्या खाचांना आतून चांदीचा मुलामा. साधं सोल्डर वापरलं तर ते हा मुलामा विरघळवून घेतं आणि भाग पुन्हा धरत नाही. थोडी चांदी मिसळलेलंच सोल्डर लागतं. हे दुरुस्ती करणाऱ्याला कुठे मिळणार? म्हणून कंपनीने त्या सोल्डरचं छोटं रीळ प्रत्येक यंत्राच्या आत बसवून ठेवलं. कधीकाळी, कुठल्यातरी देशात, कुणीतरी हे उघडेल आणि त्याला गरज लागेल, एवढा पुढचा विचार. आजचा मोबाइल उघडायला आधी त्याचा गोंद तापवावा लागतो आणि उघडल्यावर वॉरंटी गेल्याची सूचना तेवढी मिळते.

त्या काळच्या मॅन्युअलची तर बातच वेगळी. पूर्ण सर्किट, प्रत्येक भागाचा क्रमांक, प्रत्येक महत्त्वाच्या ठिकाणी किती व्होल्ट असायला हवेत आणि लहर कशी दिसायला हवी, सगळं छापलेलं. शिवाय हे असं का बांधलंय याचं एक अख्खं प्रकरण. टेक्ट्रॉनिक्सच्या आराखडे काढणाऱ्यांनी सर्किटच्या कोपऱ्यांत बारीक व्यंगचित्रंही लपवून ठेवलेली आहेत. रात्री एक वाजता बिघाड सापडत नसताना ट्रान्झिस्टरच्या शेजारी एक चिमुकला माणूस आपल्याकडे पाहताना दिसतो, तेव्हा पोर्टलंडमध्येही कुणाला तरी कंटाळा आला होता हे कळून धीर येतो.

कामाची सुरुवात मेन्सला जोडून करायची नसते. मेन्सजवळचे जुने कागदी कपॅसिटर वर्षानुवर्षं हवेतली ओल पिऊन तडकलेले असतात. वीज मिळाली की ते धूर सोडतात आणि त्या धुराचा वास पडद्यांना सणापर्यंत पुरतो. म्हणून आधी ते बदलायचे, आणि मग सिरीज बोर्ड लावायचा. सिरीज बोर्ड म्हणजे यंत्राच्या आणि मेन्सच्या मध्ये जोडलेला शंभर वॉटचा साधा तारेचा बल्ब. यंत्रात शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि सगळा दाब स्वतःवर घेतो. यंत्र ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो. जगातलं सर्वांत स्वस्त निदान. फक्त तो बल्ब आता मिळत नाही. मी विजेच्या सामानाच्या तापकीर गल्लीत मागितला.

"एलईडी घ्या. वीज वाचेल."

"मला वाचवायची नाही. तापणाराच हवाय."

दुकानदाराने मला आपादमस्तक न्याहाळलं. "कोंबड्या पाळल्यात का?"

मी हो म्हणालो. खरं कारण सांगायला लागलो असतो तर एक वाजला असता आणि दुकान बंद झालं असतं.

बल्बची तार तापली की तिचा विरोध वाढतो, एवढ्याच गुणावर सिरीज बोर्ड चालतो. याच गुणावर एक मोठी कंपनीही उभी राहिली. ऑसिलेटरची लहर ना वाढावी ना विझावी, यासाठी विल्यम ह्यूलेट यांनी सर्किटमध्ये एक छोटासा दिवा घातला. लहर वाढली की दिवा तापतो, विरोध वाढतो आणि लहर आपोआप आवरली जाते. पालो अल्टोच्या एका गॅरेजमध्ये ह्यूलेट आणि पॅकार्ड यांचा धंदा या ऑसिलेटरवर सुरू झाला आणि 'फँटेसिया' चित्रपटाच्या ध्वनीसाठी वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने असे आठ ऑसिलेटर घेतले. त्यांना कोंबड्यांबद्दल कुणी विचारलं नसावं.

माझ्या एका सीआरओला जोडल्यावर बल्ब लख्ख पेटला. म्हणजे शॉर्ट. पंधरा व्होल्टची लाइन जमिनीला टेकलेली. ही लाइन यंत्रातल्या सगळ्या बोर्डांवर फिरते आणि तिच्यावर जागोजागी टँटलमचे रंगीत कपॅसिटर. त्यातला एक मेलेला, पण चेहऱ्यावरून मेलेला कोण ते कळत नाही; सगळे सारखेच तुकतुकीत. एकेक उपटून पाहायचा तर बोर्डची चाळण होते. त्यापेक्षा एक युक्ती आहे. यंत्र बंद ठेवायचं आणि बाहेरच्या पॉवर सप्लायने त्या लाइनमध्ये साधारण एक ॲम्पिअर सोडायचा, व्होल्टेज एका व्होल्टच्याही आत. हा सगळा करंट गुन्हेगाराच्या घराकडेच धावतो. मग मीटर मिलिव्होल्टवर लावून लाइनवर ठिकठिकाणी टेकवत जायचं: ४१, ३६, २९, २२. आकडा उतरतोय तोवर वाट बरोबर. एका बोर्डाच्या कोपऱ्यात तो १७ वर आला आणि पुढे कुठेही गेलं तरी १७ च. तिथला निळा कपॅसिटर काढला, शॉर्ट गेला, बल्ब मंद झाला आणि थोड्या वेळाने पडद्यावर हिरवी रेघ आली. मी आनंदाने ओरडलो. घरचे धावत आले, रेघ पाहिली आणि म्हणाले, "एवढंच? आडवी रेघ आली म्हणजे तर संपलं ना सगळं?" टीव्हीवरच्या हॉस्पिटलांनी सीआरओचं फार नुकसान केलं आहे.

पडद्याच्या नळीपाशी हजारो व्होल्ट असतात. ५४५ए मध्ये दहा हजार. म्हणून जुन्या लोकांचा नियम असा की चालू यंत्रात एकच हात घालायचा, दुसरा खिशात ठेवायचा, म्हणजे एका हातातून दुसऱ्यात जाणारा करंट काळजातून जाणार नाही. नियम उत्तम आहे, फक्त तो करणाऱ्यांनी लुंगीचा विचार केलेला नव्हता. हा विनोद सोडला तर बाकी गंभीर आहे: यंत्र बंद केल्यावरही ते व्होल्ट आत दबा धरून बसतात. ज्याला ते उतरवता येत नाहीत त्याने झाकण उघडू नये.

धुळीचा प्रकार निराळा. अनेक वर्षांची चिकट धूळ फुंकरीने जात नाही. टेक्ट्रॉनिक्सच्या स्वतःच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सीआरओ चक्क साबणाच्या पाण्याने धूत आणि भट्टीत मंद आचेवर वाळवत. भट्टी आमच्याकडे नाही, पण पुण्याचा एप्रिल आहे. हाय व्होल्टेजचा भाग वगळून मी एक यंत्र न्हाणीघरात धुतलं आणि गच्चीवर नेलं. तिथे आधीच कुरडयांचं वाळवण होतं. शेजारच्या काकू राखणीला बसल्या होत्या. त्यांनी यंत्र काय आहे हे विचारलं नाही, एवढंच म्हणाल्या, "वरून पातळ कापड घाला हो. कावळ्यांचा काही भरवसा नाही."

दुरुस्ती झाली की खरा खेळ, म्हणजे अचूकतेचा. दहा लाखांत एक भाग म्हणजे किती? पुणे-मुंबई दीडशे किलोमीटर धरलं तर पंधरा सेंटिमीटर, वीतभरसुद्धा नाही. दहा व्होल्टमध्ये हा भाग होतो दहा मायक्रोव्होल्ट. आणि दोन वेगळे धातू जिथे जोडले जातात तिथे तापमानाचा फरक पडला की आपोआप व्होल्टेज तयार होतो. काही जोड्यांत एका अंशाला चाळीस मायक्रोव्होल्ट. म्हणजे टर्मिनलला बोट लावलं, अंक पळाले. पंखा लावला, अंक पळाले. कुणी दार उघडून "चहा ठेवलाय" म्हटलं, तरी पळाले. मग मे महिन्यात पंखा बंद, दार बंद, चहा गार, आणि मी अंक स्थिर व्हायची वाट पाहत घाम गाळतोय. घाम गाळल्यामुळे खोली तापते आणि अंक पुन्हा पळतात.

इतकं करून दोन मीटर दोन वेगळे आकडे दाखवतात. खरं कोण? पूर्वी याचा निवाडा वेस्टन सेल करी, पारा आणि कॅडमियम भरलेली काचेची नळी, १.०१८३ व्होल्ट देणारी. १९९० पासून जग अतिवाहकांत दिसणाऱ्या जोसेफसन परिणामावर व्होल्ट ठरवतं. त्याचं भाकीत ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ मध्ये बाविसाव्या वर्षी केलं आणि तो परिणाम मिळवायला द्रव हेलियमची थंडी लागते. आपल्या देशाचा व्होल्ट नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सांभाळला जातो. शेवटचा निर्णय दिल्लीत होतो, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको.

या सगळ्यातून मिळतं काय? जिम विल्यम्स हे अमेरिकेतले ॲनालॉग सर्किटचे मोठे उस्ताद. बिघडलेली यंत्रं विकत घेऊन दुरुस्त करणं हेच सर्किटचं उत्तम शिक्षण, असं त्यांचं मत होतं, कारण दुसऱ्याने का आणि कसा विचार केला ते त्यात हाताला लागतं. २०११ मध्ये ते गेल्यावर त्यांचं कामाचं टेबल, वरच्या पसाऱ्यासकट, कॅलिफोर्नियातल्या संगणक इतिहासाच्या संग्रहालयात मांडलं गेलं. पसारा संग्रहालयात जाऊ शकतो, हे मी घरी मोठ्या आवाजात वाचून दाखवलं. "आपल्याकडे कधी येणार आहेत न्यायला?" एवढाच प्रश्न आला.

तेव्हा शेवटी महाराष्ट्रातल्या तमाम पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंग कॉलेजांच्या विभागप्रमुखांना हात जोडून विनंती. ठाण्याच्या ॲपलॅबचा सीआरओ असो, नाशिकच्या मोटवानेचा मल्टिमीटर असो की साता समुद्रापलीकडून आलेला एखादा मीटर असो, जुनं यंत्र भंगारात काढायला आमची हरकत नाही; आमचा संसार त्यावरच चालतो. पण तुमच्याकडे यंत्र भंगारात जातं आणि त्याचं मॅन्युअल रद्दीत. ते दोघं पुन्हा कधी भेटत नाहीत. यंत्र बंद पडलेलं असलं तरी चालेल, खरं तर तसंच द्या. फक्त त्याचं मॅन्युअल कपाटातून शोधा आणि यंत्रालाच सुतळीने बांधून पाठवा. रद्दीच्या वजनाचे पैसे वेगळे लावलेत तरी आम्ही घासाघीस करणार नाही.