दशांशचिन्हानंतरचे चार अंक

अंधेरीत ॲनालिटिकल बॅलन्स बसवणे हे निव्वळ श्रद्धेचे काम. हा काटा 0.0001 ग्रॅमपर्यंत वाचतो. वजनाला उघडा हात लागला तर बोटांचा ठसाही मोजला जातो. म्हणून ग्रॅनाइटचे टेबल, लेव्हलचा बुडबुडा मधोमध, काचेची दारे बंद, एसीचा झोत दुसरीकडे.

बाहेर 2014 पासून घाटकोपरची मेट्रो, डंपर आणि पायलिंग. शेवटचे दोन अंक त्याच ठेक्यावर नाचतात.

ही केवढी सोय! महापालिकेने असा काटा चौकाचौकात बसवावा. खड्डा, डंपर, मिरवणूक, सगळ्यांची नोंद मिलिग्रॅममध्ये.

प्रयोगशाळेच्या कॅलिब्रेशन रजिस्टरात मात्र रोज एकच आकडा : 100.0000. शनिवारपर्यंतच्या नोंदी सोमवारीच भरल्या जात असल्याने कंपनांचा अजिबात त्रास होत नाही.