थंडी गाडी आणजो

मिस्त्रींना मोबाइलची रिंग ऐकू येत नाही. घरून जेवायला मारलेली हाक ऐकू येत नाही, आणि उधारी मागायला आलेल्या स्पेअर पार्टवाल्याचा आवाज तर त्यांच्या कानाच्या पाळीला शिवून परत जातो. पण खामगावकडून घाट चढून आलेला लोडचा ट्रक जानेफळात शिरला की दुसऱ्याच गाडीखाली आडवे झालेले मिस्त्री तिथूनच बोलतात, "सहा नंबरचं पॅकिंग गेलं." ट्रक अजून कोणाच्या नजरेलाही पडलेला नसतो.

खामगाव–मेहकर रस्त्यानं जाणाऱ्या ड्रायव्हरला असा एक मिस्त्री ठाऊक असतोच. त्याचं नाव विचाराल तर कोणी सांगणार नाही. "मिस्त्री" म्हटलं की पोरगंसुद्धा बोट दाखवतं.

आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. सोयरिकी जुळवताना आणि तिकिटं वाटताना लोक या भेदावर तासन् तास बोलतात. मिस्त्रींना दोन्ही सारखेच. त्यांचं पोट या दोहोंच्या मधल्या चढावर चालतं. खत किंवा सिमेंट भरून गाडी घाटाला लागली की इंजिनच्या बगलेतला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करून टर्बोकडं नेणारा बिडाचा नळ, पाचशे अंशांच्या वर तापतो. तो ज्या हेडला आवळलेला असतो त्यात मात्र पाणी खेळत असतं. ते नव्वदच्या आसपासच राहतं. पाऊण मीटर लांबीचं बीड पाचशे अंशांनी तापलं तर चारेक मिलिमीटर लांबतं. म्हणूनच मोठ्या इंजिनांना हा नळ बहुतेक दोन-तीन तुकड्यांत, एकमेकांत सरकणारा असा देतात. पण सांध्यात काजळी धरली की सरकणं संपतं, आणि सगळी ओढाताण नळ हेडला आवळून धरणाऱ्या स्टडांच्या नशिबी येते. गाडी ढाब्यावर उभी राहिली की बीड परत आकसतं. रोजचंच हे. एक दिवस टोकाचा स्टड "टण्" करून जातो.

"मधातल्याले काई होत नाई," मिस्त्री म्हणतात, "कडेचा मरते."

ड्रायव्हरची तक्रार ठरलेली असते. सकाळी टिकटिक करत होती, चढावर दम नव्हता, काळा धूर होता. आणि आता तुमच्या दारात आली तर आवाजच बंद! त्यावर मिस्त्रींचं उत्तरही ठरलेलं. "तापली म्हणून बंद झाली. बीड फुगलं, फट बुजली. सकाळी थंडी गाडी आणजो."

म्हणजे मुक्काम आला. समोरच्या हॉटेलवाल्याशी मिस्त्रींची टक्केवारी ठरलेली आहे, असा संशय ड्रायव्हर लोकांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. संशय खोटा आहे. पण हॉटेलवाला तो खोडून काढत नाही, कारण त्यानं त्याचं वजन वाढतं.

सकाळी क्लीनर सेल्फ मारतो. मिस्त्री रबरी नळीचं एक टोक कानाला लावतात आणि दुसरं मॅनिफोल्डच्या जोडावरून हळूहळू फिरवतात. एका जागी भुवई वर जाते. तिथं हेडवर पंख्याच्या आकाराची काजळी उमटलेली असते. ती तुम्हाआम्हालाही दिसते, नळीची काही गरज नसते. पण नळीशिवाय मजुरी सांगणं त्यांना प्रशस्त वाटत नाही.

मग चौकशी सुरू होते. पोरगी पाहायला आलेल्या थोरल्या मामासारखी. गाडी कोणत्या सालची, आधी कुठं होती, किती मालक झाले, आणि शेवटी मुद्द्याचं, "याले आधी कोणी हात लावला?" आधीचा मिस्त्री हा सगळ्या मिस्त्रींचा कुलशत्रू. त्याला मिस्त्री म्हणतच नाहीत, लोहार म्हणतात. (लोहारांनी राग मानू नये, मिस्त्रींचे स्वतःचे आजोबा भाता ओढत.)

"हे काम हाये का? चिखलीत केलं?"

"नाही."

"मंग मेहकरात."

"मिस्त्री, मागच्या दिवाळीत तुम्हीच केलं होतं."

मिस्त्री चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू देत नाहीत. "मंग बरोबर हाये. तवा तुह्या शेठनं पॅकिंग लोकल आणलं होतं."

बोनट उघडलं की गावातले सल्लागार जमतात. एकाला एम-सील भरायचं असतं. ते या आचेत पहिल्याच चढाला कोळसा होतं. दुसरा म्हणतो वेल्डिंगची रेघ मारून टाका. थंड बिडाला साधा रॉड मारला की टाक्याशेजारीच नवी चीर जाते. तिसरा एसटीतून निवृत्त झालेला असतो आणि कोल्ड्रिंकचा डबा कापून पॅकिंग केल्याची हकीकत सांगतो. त्या हकिकतीत दर वर्षी गाडी आणखी लांब जाते. यंदा ती पंढरपूर करून आली. मिस्त्री सगळ्यांचं ऐकतात आणि कोणाचंच करत नाहीत. स्वतः मात्र आणीबाणीत ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळून गाडी खामगावपर्यंत लावून दिलेली आहे, हे मी पाहिलेलं आहे. त्याला ते जुगाड म्हणू देत नाहीत. "सोय" म्हणतात.

खरा माणूस दिसतो तो स्टड काढताना. आदल्या रात्रीच गंजलेल्या नटांवर डिझेल आणि ऑइल पाजून ठेवलेलं असतं. सकाळी गॅसची ज्योत नटाभोवती फिरते. मग गोटीपाना बसतो. पाव आटा मागं, लगेच थोडा पुढं, परत मागं. एवढा बोलका माणूस, पण आता शब्द नाही. कुणी खोकलं तरी वळून पाहतात. नट "कट्" असा कोरडा आवाज देऊन सुटला तर बरं. आवाज न देता मऊ फिरायला लागला की समजावं, स्टड पिळवटतोय. अशा वेळी ते पान्याचा हात सोडतात, पोट्ट्याला चहा सांगायला पिटाळतात आणि पुन्हा ज्योत लावतात. दिवसाच्या कामातला निम्मा वेळ हे गृहस्थ काही मोडू नये म्हणून थांबण्यात घालवतात. मजुरी खरं तर या थांबण्याची असते, पण शेठला ती समजावून सांगणार कोण?

तरीही एखादा मोडतोच. मग उरलेल्या खुंटावर एक नवा नट ठेवून आतून वेल्डिंग भरतात, लाली जाईपर्यंत वाट पाहतात आणि त्या नटाला पाना लावतात. वेल्डिंगच्या आचेनं गंजाची पकड सुटलेली असते; खुंट मुकाट्यानं बाहेर येतो. हे जमलं की मिस्त्री बिडी पेटवतात. नाही जमलं तर मधोमध ड्रिल मारावं लागतं, आणि ड्रिल तिरकं गेलं की हेडचे आटे जातात. तो दिवस गावानं मिस्त्रींपासून दूर राहण्याचा.

इतक्यात शेठचा फोन येतो, अर्थात ड्रायव्हरच्या मोबाइलवर. "नुसतं पॅकिंग बदला अन् गाडी सोडा." मिस्त्री फोन हातात घेत नाहीत, ड्रायव्हरकरवीच बोलतात. मॅनिफोल्डच्या तोंडावर लोखंडी पट्टी उभी धरून खालून पात्याचं गेज सरकवून दाखवतात. "शेठले सांग, एवढी फट हाये. वाकड्या तोंडावर नवं पॅकिंग आठ दिवसांत जळन. लेथवर फेस मारून आणा, नाई तर दुसरा मिस्त्री पाहा." तिकडून सायलेन्सरच्या आवाजाचं काय ते विचारलं जातं. आवाज जाऊ द्या, टर्बोला पोचायच्या आधीच जोर निसटतो, मग हवा कमी, धूर जास्त, डिझेल जास्त. धूर म्हटलं की शेठ ऐकत नाही, ॲव्हरेज म्हटलं की लेथला लगेच परवानगी मिळते.

एका बाबतीत ते थट्टा करत नाहीत, केबिनमध्ये शिरणाऱ्या धुराच्या. फुटक्या मॅनिफोल्डचं इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपलेला ड्रायव्हर दिसला तर दार उघडून, पाय ओढून खाली उतरवतात. मग तो ड्रायव्हर पंजाबचा असो की परभणीचा.

जोडताना मधले नट आधी, मग आळीपाळीनं कडेचे, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे. कंपनीचं पुस्तक प्रत्येक नटाला किती जोर लावायचा ते आकड्यात सांगतं. मिस्त्री तो आकडा मनगटात असल्याचं सांगतात. हे मला पटत नाही, आणि त्यांनाही फारसं पटत नसावं, कारण निघताना ते ड्रायव्हरला बजावतात, "शंभर किलोमीटर चालव अन् परत येजो, एक हात आवळून देतो." परत कोणी येत नाही. येतो तो थेट पुढच्या दिवाळीला, टिकटिक घेऊन. पंढरपूरहून परतणारी गजानन महाराजांची पालखी जानेफळावरून जाते, तेवढ्या दिवसांत दिंडीबरोबरच्या टँकरची मजुरी मात्र ते घेत नाहीत, आणि आवळायलाही स्वतः चालत जातात.

परवा एक बीएस-6 गाडी समोरच्या हॉटेलापाशी उभी राहिली. डॅशवर पिवळा दिवा, गाडी जोर धरेना. कंपनीचा पोरगा लॅपटॉप घेऊन आला, वायर जोडली, सेन्सर बदलला. दिवा विझला आणि चहा संपायच्या आत पुन्हा लागला. मिस्त्री बाकावर बसूनच म्हणाले, "बापू, सेन्सर खोटं नाई बोलू रायला. त्याच्या आधीच धूर निंगू रायला. तो जोड पाह्य, काळा झाला." पोरगा खाली वाकला. जोड काळा होता.

मिस्त्रींना त्या लॅपटॉपचं कुतूहल. किंमत विचारली, पोरानं सांगितली. वर सॉफ्टवेअरचे पैसे दर वर्षी वेगळे, हेही सांगितलं.

"दरसाल?"

"हो काका. नाही भरले तर बंद पडतं."

मिस्त्रींनी दोघांच्या चहाचे पैसे दिले आणि उठता उठता विचारलं, "म्हंजे पाना मीच इकत घ्याचा, अन् नट फिरवाचं भाडं दरसाल तुमाले द्याचं?"