गुलमंडीवरून रोमला कसे जावे

व्हिसा लागत नाही. गुलमंडीवर सुपारी हनुमानाला हात जोडावेत, गरम इमरती खाऊन घ्यावी आणि टिळक पथाने सरळ पैठण गेटाबाहेर पडावे. मुक्कामाचे ठिकाण धाराशिव जिल्ह्यातले तेर. अंतर दोनशे किलोमीटरहून जास्त. पण तक्रार करू नये. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून तगर, म्हणजे हेच तेर, दहा दिवसांच्या वाटेवर सांगितले आहे. रस्त्याचे काम चालू नसेल तर आपण त्याहून लवकर पोहोचतो.

त्या काळी तेरचे तलम कापड आणि पैठणचा गोमेद गाड्यांत घालून भडोचच्या बंदराला जाई आणि तिथून रोमकडे. उलट दिशेने सोन्या-चांदीची नाणी येत, दारूही येई; त्यातही पसंती इटलीच्या मालाला. प्लिनी नावाच्या रोमन गृहस्थाने लिहून ठेवले आहे की, हिंदुस्थान दरवर्षी आमचे 5 कोटी सेस्टर्स खेचून नेतो. साडीच्या दुकानाबाहेर पिशव्या धरून उभ्या राहिलेल्या नवऱ्याची इतिहासातली ही पहिली लेखी तक्रार असावी.

तेरला पोहोचल्यावर कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय संग्रहालय विचारावे. गावाच्या पांढरीतून निघालेल्या वस्तू लामतुऱ्यांनी आयुष्यभर जमवल्या. त्या संग्रहातून हे उभे राहिले. आत शिरताच मोबाइल काढून स्वतःचाच फोटो घेण्याची उबळ येईल. ती आवरावी. इथल्या मंडळींचे वय दोन हजारांच्या घरात आहे, त्यांच्याकडे पाठ करून उभे राहणे बरे दिसत नाही.

हस्तिदंती बाईपुढे मात्र घाई नको. केशरचना, दागिने नीट बघावेत. हिची एक बहीण 1938 साली इटलीत पॉम्पेईच्या राखेतून निघाली, इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हापासून ती तिथेच होती. सध्या मुक्काम नेपल्सच्या संग्रहालयात. तशाच घडणीची एक भग्न मूर्ती आपल्या भोकरदनच्या उत्खननातही मिळाली, त्यामुळे पॉम्पेईकरीण मूळची आमच्याकडचीच, असे ठासून सांगायला हरकत नाही. काही अभ्यासकही तसेच म्हणतात, फक्त जरा हळू आवाजात.

मग मातीच्या गोल चकत्या. तेरला रोमन नाण्यांच्या मातीतल्या नकला सापडल्या आहेत, गळ्यात अडकवायची सोय केलेल्या. ज्यांना खरे सोने परवडत नव्हते, त्यांनी सम्राटाचा मुखवटा मातीत उमटवून घेतला आणि लग्नाला गेले! (लग्नाचे माझे अनुमान, पण दुसरीकडे कुठे मिरवणार?) सोबत मावशी असेल तर ती काचेला नाक लावून ‘वन ग्रॅमचं दिसतंय’ म्हणेल. तिला गप्प करू नये. गुलमंडीवर आयुष्यभर दागिने पारखलेल्या बाईचे ते तज्ज्ञ मत आहे.

पांढऱ्या केओलिन मातीच्या बाहुल्याही पाहाव्यात. पुढचा आणि मागचा असे दोन साचे जोडून केलेल्या, आतून पोकळ. ही युक्ती रोमनांकडून आली असे मानतात. आपण त्यांना कापड दिले, त्यांनी आपल्याला साचा दिला; सौदा वाईट नव्हता.

बाहेर पडल्यावर त्रिविक्रमाचे विटांचे प्राचीन देऊळ पाहावे आणि गोरोबाकाकांचे दर्शन न चुकता घ्यावे. भक्तीचा भाग आहेच. शिवाय रजेच्या अर्जात कारण म्हणून तेच लिहायचे आहे. ‘संग्रहालय पाहणे’ या कारणासाठी रजा मंजूर झाल्याचे अजून ऐकिवात नाही.